अख्खा दाणा

२३ सप्टेंबर, मंगळवार

विश्वजीतच्या कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी नऊ महिने फ्रिजवर पडून होती. आज तिच्यावरची धूळ पुसली. नोकरी सोडून बावीस दिवस झाले आणि दिवसभरात बोलायला माणूस नाही. घरात अण्णा आहेत, पण अण्णांशी बोलणं म्हणजे पोस्टाच्या खिडकीशी बोलणं. विचारलं तेवढंच उत्तर, तेही मागचा माणूस खोळंबलाय अशा आवाजात.

अण्णा म्हणजे माझे सासरे, कोंडीराम घुले. मूळचे बावधनचे. चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये. त्यांच्या हाताखालून गेलेला तुकडा परत मोजायला लागत नसे, असं विश्वजीत सांगतो. सासूबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. विश्वजीत सकाळी सहाला चाकणची बस पकडतो, म्हणजे कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर आम्ही दोघंच: अण्णा गॅलरीत, मी टेबलाशी.

आज डॉक आला. जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा काळा चपटा डबा. मोठा मॉनिटर, माउस, डिस्क, सगळं त्याला जोडायचं आणि त्याची एकच वायर लॅपटॉपला लावायची. लॅपटॉप इतका पातळ आहे की बाहेरचा पडदा जोडायला त्याला भोक एकच. तो मिटून, पुस्तकासारखा उभा, स्टँडमध्ये ठेवायचा. भोक वरच्या बाजूला येतं, वायर वरून खोचायची. टेबल इतकं मोकळं दिसायला लागलं की मी ते दोनदा पुसलं.

अण्णांनी डॉक हातात घेतला, चारही कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फिनिशिंग बरं हाय."

एकदा लिहून ठेवते, म्हणजे पळवाट राहणार नाही. माझं काम न बांधलेली घरं दाखवण्याचं. नकाशावरून घर कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला त्यातून चालवून आणायचं. प्रियदर्शनी मॅडम आर्किटेक्ट आहेत, त्यांनी पहिलं काम दिलंय: हिंदुराव शेठच्या बारा बंगल्यांचं. सोळा ऑक्टोबरला, गुरुवारी, मॅडमच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर दाखवायचं. तेही रेकॉर्ड केलेलं नको. शेठ म्हणतील त्या खोलीत, म्हणतील त्या वेळी जायचं. जमलं तर पुढची कामं. नाही जमलं तर जुन्या ऑफिसातली माझी खुर्ची साहेबांनी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत रिकामी ठेवली आहे. चांगले आहेत साहेब. पण त्या खुर्चीत मला परत बसायचं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला बंगला उभा राहिला. दिवाणखान्यात दुपारचं ऊन, जिना, जिन्याखाली पाण्याची घागर. घागर मी माझ्या मनाने ठेवली. वर्ध्याला आईकडे अशी आहे.

कुणाला तरी दाखवायचं होतं. अण्णांना हाक मारली. आले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ वाकले, मग दोन पावलं मागे झाले. डोळ्यांवर हात धरला. मी त्यांना दारातून आत नेलं, जिना चढवला, गच्चीवर नेलं. "कसं वाटतंय, अण्णा?"

"मला तर यात काय दिसत न्हाई," म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन बसले.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तीन आठवड्यांचं काम आणि एका वाक्यात निकाल. विश्वजीतला सांगितलं तर तो म्हणाला, "अण्णांचं बोलणं तसंच आहे, तू मनावर घेऊ नकोस." मनावर घ्यायचं नाही तर कुठे घ्यायचं?

आणखी एक. अण्णा हल्ली चहा ओतताना कपात बोट घालतात. करंगळीशेजारचं, पहिल्या पेरापर्यंत. मी बघून न बघितल्यासारखं केलं. माणूस एकटा राहिला की असं सैल होतं बहुतेक.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. अण्णांच्या घरी हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. कारखान्यात होते तेव्हा मशीनची पूजा, आता घरात त्यांच्या मापाच्या हत्यारांची, व्हर्नियरची आणि मायक्रोमीटरची. मखमलीच्या खाचेत ठेवलेली आहेत दोन्ही, माझ्या दागिन्यांना तसा डबा नाही.

अक्षता ते स्वतः निवडतात. अक्षत म्हणजे न तुटलेलं, हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ऐकवलं होतं. तुटका दाणा देवाला चालत नाही आणि टूलरूमवाल्याला तर नाहीच. आमच्या लग्नाच्या अक्षताही त्यांनी शेर दोन शेर तांदूळ पसरून निवडल्या होत्या, एकही कणी नाही. आज मूठभर तांदूळ घेऊन दुपारभर ताटावर वाकून बसले. एकेक दाणा चिमटीत फिरवत होते. दोन तास. मूठभर तांदळाला.

"अण्णा, मी करू का?"

"तू तुझं बघ."

बरं, मी माझं बघते.

१ ऑक्टोबर, बुधवार

पूजा झाली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि यंदा अण्णांनी आपणहून माझा लॅपटॉप आणि डॉकही मांडायला सांगितला. मला आश्चर्य वाटलं. "पूजेला वायर नको," म्हणाले, म्हणून वायर काढली. स्टँडमध्ये उभ्या लॅपटॉपला हळदीकुंकू, झेंडूचं फूल, वरून अक्षता. अक्षता टाकताना ते काहीतरी पुटपुटत होते. त्यात माझं नाव ऐकू आलंसं वाटलं, पण विचारलं नाही.

आज हत्यार हातात धरायचं नाही असा नियम. उद्या दसरा. म्हणजे दोन दिवस गेले. सोळा तारीख कुणासाठी थांबत नाही. रागाने मी लॅपटॉप बंद करायच्या आधी त्याचं राहिलेलं अपडेट तरी चालवून घेतलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वायर लावली, काम सुरू केलं. वीस मिनिटांनी "टुंग" असा आवाज आला आणि मोठा पडदा काळा. लॅपटॉप उघडला तर त्याच्यावर निरोप: ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. सापडत नाही म्हणजे काय? परवा इथेच होतं.

वायर काढून लावली, आलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दिवसात सात वेळा. काम करता करता कार्ड निघून गेलं की प्रोग्रॅम कोसळतो आणि मागचं सगळं जातं. डॉक काढून नुसत्या लॅपटॉपवर केलं तर काही होत नाही, निवांत चालतो. पण तेवढ्याशा पडद्यावर मी करणार काय, आणि सोळा तारखेला शेठना दाखवणार काय? तिथला पडदाही त्याच भोकाला जोडायचाय.

अपडेटचाच प्रताप आहे. परवा रागाने केलं ना, भोग आता.

४ ऑक्टोबर, शनिवार

मदतकेंद्राला फोन. पलीकडच्या माणसाने विचारलं, "बंद करून परत चालू केलंत का?" मी म्हटलं, केलं. "मग अजून एकदा करा." अपडेट काढलं. नवा ड्रायव्हर टाकला, मग जुना, मग त्याहून जुना. सेटिंगमध्ये जाऊन जे जे बंद करता येतं ते बंद केलं. वायर बदलली. अकरा वेळा पडदा गेला.

प्रत्येक वेळी गॅलरीतून अण्णांचा आवाज: "गेलं?" पाठ माझ्याकडे करून बसलेले असतात, तरी मला कळायच्या आधी त्यांना कळतं. एवढा आनंद होतोय का त्यांना, असं मनात आलं. लिहून टाकलं, कारण खरं आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

नारायण पेठेत उत्तरेश्वर म्हणून एक दुरुस्तीवाले आहेत, प्रियदर्शनी मॅडमनी नाव दिलं. दुकानात पाटी: "चालू वस्तू दुरुस्तीस आणू नयेत." माणूस बार्शीचा, पण वीस वर्षांत पेठेचं पाणी पुरतं लागलंय. लॅपटॉप उघडला, तासभर कार्डाला राबवून घेतलं. काही झालं नाही.

"कार्ड ठणठणीत आहे. डॉक कुठंय?"

"घरी."

"म्हणजे पेशंट घरी ठेवून नातेवाइकाला तपासायला आणलंत."

निघताना म्हणाले, "मिटून वापरता ना? वर काही झाकत नाही ना? गरम झालं की कार्ड मान टाकतं." मी म्हटलं, कोण झाकणार.

मंडई दुकानापासून चालत अंतरावर, भाजी मीच आणणार होते. पण अण्णा सकाळीच म्हणाले, मी जातो. तिथली वांगी तेच निवडून आणायचे, सासूबाईंनाही विश्वास नव्हता स्वतःवर. आज आणली ती सहातली चार किडकी. आले तेही दोन तास उशिरा. बस मिळाली नाही का, विचारलं तर म्हणाले, "त्या पाट्या आता वाचवत न्हाईत." बसवरचे ते दिव्यांचे आकडे त्यांना आवडत नाहीत. त्यांना नवीन काहीच आवडत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

कारण सापडलं. दुपारी जेवून आले तर लॅपटॉपवर आणि डॉकवर अण्णांचा पंचा. स्वच्छ धुतलेला, चारी टोकं खाली नीट ओढून घेतलेला. कधीपासून? "रोजच," म्हणाले. "तू जेवाय उठलीस की टाकतो. येताना काढतो. मशीन उघडं सोडू नये."

मी चिडले. चांगलीच चिडले. पाच दिवस मी ड्रायव्हर काढतेय आणि टाकतेय, आणि हे वरून पांघरूण घालतायत. म्हटलं, "अण्णा, ही तुमची लेथ नाही. यानं माझं काम बुडतंय."

त्यांनी पंचा काढला, चार घड्या घातल्या, आणि "बरं" म्हणून घेऊन गेले. रात्री जेवले नाहीत धड.

माझं चुकलं नाही. आवाज चुकला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पंचा नाही. पंखा लॅपटॉपवर रोखलेला. पडदा तरीही नऊ वेळा गेला.

म्हणजे पंच्याचा दोष नव्हता. हे अण्णांना सांगायला हवं. सकाळी सांगणार होते, मग दुपारी. ते आज "गेलं?" असंही विचारत नाहीत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

लॅपटॉप आणि डॉक दोन्ही घेऊन नारायण पेठ. उत्तरेश्वरांनी डॉक त्यांच्या लॅपटॉपला लावला: चालतोय. माझा लॅपटॉप माझ्या डॉकला लावला: पंधरा मिनिटं चालतोय. मी हात जोडून उभी, की पडद्या, आता तरी जा. नाही गेला.

"लॅपटॉपही चांगला, डॉकही चांगला," ते म्हणाले. "दोघांचं एकत्र पटत नसेल. घरोघरी असतं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी येऊन लावलं. आठव्या मिनिटाला टुंग.

१३ ऑक्टोबर, सोमवार

प्रियदर्शनी मॅडमच्या ऑफिसात तालीम. माझा डॉक नेला, त्यांच्या भिंतीएवढ्या पडद्याला जोडला. दहाव्या मिनिटाला, आम्ही स्वयंपाकघरात उभ्या असताना, भिंत काळी. मी वायर लावली. सहाव्या मिनिटाला पुन्हा.

मॅडम ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "उत्कर्षा, काम सुंदर आहे. पण गुरुवारी शेठ या खुर्चीत असतील आणि ते दुसऱ्यांदा बसत नाहीत. उद्या संध्याकाळपर्यंत मला सांग. नाहीतर मी नकाशे आणि फोटोंवर भागवते, आणि पुढचं दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगते."

परतताना साहेबांचा निरोप आला: खुर्ची झाडून ठेवलीय. चेष्टेने लिहिलंय. मला बसमध्ये रडू आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आले तर अण्णा दारातच. "काय झालं?" चेहऱ्याकडे बघून कळायला हवं होतं. मी म्हटलं, काही नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

दुपारी पडदा पाचव्यांदा गेला आणि मी टेबलावर डोकं ठेवलं. अण्णा उठून आले. आठ तारखेनंतर पहिल्यांदा टेबलापाशी आले.

"वायर बदलली?"

"दोनदा."

"हात लावू का?"

मी मानेनेच हो म्हटलं, मग तोंडाने म्हटलं. त्यांनी उभ्या लॅपटॉपवर तळहात ठेवला, वायर कुठे जाते ते चाचपलं, आणि पिन जिथे आत शिरते तिथे नख टेकवलं. डोळे मिटले होते. नख पिनेच्या कडेने गोल फिरवलं, एकदा, दोनदा.

"ह्ये बसलंय कुठं? अर्धा एमेम बाहेर हाय."

"पूर्ण बसलंय, अण्णा. मी बघतेय ना."

"तू बघतीयेस. मी हात लावतोय."

लॅपटॉप बंद केला, वायर काढली. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडला त्या भोकात. अगदी तळाशी, मधल्या पट्टीच्या कडेला, काहीतरी लाल. सुई घेतली आणि श्वास धरून उकरलं. बाहेर पडला तो कुंकवात भिजून वाळलेला तांदूळ. अक्षता!

वायर परत लावली. दसऱ्याआधी व्हायचा तो "टक" असा आवाज झाला. गेल्या अकरा-बारा दिवसांत तो आवाज होत नव्हता हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग दोन तास, अडीच तास, पडदा हललासुद्धा नाही. मॅडमना फोन करून सांगितलं, येतेय.

आनंदाच्या भरात मी दाणा अण्णांच्या तळहातावर ठेवला. "बघा, एवढ्याशानं रडवलं." त्यांनी तो बघितला नाही, अंगठा आणि बोटात धरून फिरवला.

"तुटका हाय," म्हणाले.

"म्हणून तर आत गेला. अख्खा असता तर त्या फटीत शिरलाच नसता."

त्यांनी दाणा पुन्हा एकदा फिरवला. मग हळू म्हणाले, "मी निवडल्या होत्या."

आपल्यामुळे माझं काम अडलं याचं त्यांना लागलं असणार. मी म्हटलं, "जाऊ द्या अण्णा, तुम्ही काय मुद्दाम केलंत का." ते उठून गेले. गॅलरीत बसले. नेऊन दिलेला चहा तसाच राहिला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

झालं. एक तास दहा मिनिटं. हिंदुराव शेठ म्हणाले, जिन्याने न्या. नेलं. परत खाली. परत वर, सावकाश, आईचे गुडघे दुखतात म्हणाले. गच्ची, स्वयंपाकघर, संध्याकाळ करून दाखवा, केली. ती घागर बघून विचारलं, "ही कुणाची कल्पना?" मी म्हटलं, माझी. "राहू द्या."

पडदा गेला नाही. माझं अर्धं लक्ष त्या "टुंग"कडेच होतं.

उठताना मॅडमना म्हणाले, आमच्या पुढच्या दोन जागांचं कामही यांनाच द्या. जिन्यातूनच साहेबांना फोन केला. खुर्ची द्या कुणाला तरी. ते मनापासून हसले.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. म्हणाले, "झालं ना. बरं हाय." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेले तो खांद्याच्या जरा बाजूला, हवेत पडला. मग सापडला खांदा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

कालची नोंद लिहून झाल्यावर आज सकाळी सहज पानं मागे उलटली. स्वतःचं शहाणपण वाचायला.

सव्वीस सप्टेंबरपाशी थांबले. "मला तर यात काय दिसत न्हाई." पुन्हा वाचलं. मग पुढची पानं वाचली, भराभर, आणि मग हळूहळू. चहाच्या कपातलं बोट. मूठभर तांदळाला दोन तास. किडकी वांगी. पाट्या वाचवत नाहीत. पाठमोरं बसून ओळखलेला आवाज. काल हवेत पडलेला हात. सगळं माझ्याच अक्षरात.

त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. एवढं सरळ वाक्य या घरात कुणी बोलत असेल असं मला वाटलंच नाही. मी त्याच्यात टोमणा शोधला आणि सापडल्यासारखं केलं. अण्णा टोमणा मारत नव्हते. मोठ्या पडद्यावर तरी दिसेल म्हणून बघायला आले होते. मला माझी लाज वाटली. अजून वाटते आहे.

गॅलरीत गेले. "अण्णा, मी कुठल्या रंगाचा कुर्ता घातलाय?"

"मळका असंल. तुझे सगळे तसलेच."

"सांगा ना."

"न्हाई सांगता येत."

"कधीपासून?"

"उजवा दोन वर्षं. डावा मेपासून. दुपारच्या उन्हात तर नुसतं पांढरं."

मी विचारलं, बोलला का नाहीत. म्हणाले, "तू एवढी नोकरी सोडून बसलीस. त्यात माझं दवाखान्याचं काढलं असतं तर तू मागं फिरली असतीस. दिवाळीपतुर चालत होतं की." मग म्हणाले, "पण कणी गेली हातातनं. त्ये बरं न्हाई झालं."

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी चहा का गार झाला. मी खाली बसले, त्यांच्या खुर्चीशी. पंच्याचंही सांगितलं, की त्याचा दोष नव्हता, मला नऊ तारखेलाच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. "असंल," म्हणाले. "गरम होत असंल थोडं."

"नव्हतं होत, अण्णा."

विश्वजीतला फोन केला. त्याने लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही मोतीबिंदू पिकलेले. डोळ्यातला पडदा आणि बाकी सगळं चांगलं आहे, ऑपरेशनने दिसेल, असं त्यांनी तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं. मग अण्णांवर घसरले. "दोन वर्षं काय करत होतात?"

"वाट बघत होतो," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी हसले तर म्हणाले, "काय झालं?" त्यांना खरंच कळलं नव्हतं, असं मी धरून चालते. हल्ली मी त्यांचं प्रत्येक वाक्य आधी सरळ धरते.

उजवा डोळा तीन नोव्हेंबरला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मधले दिवस लिहिले नाहीत. थेंब दर दोन तासांनी, काळा चष्मा, डोक्यावरून पाणी नाही. अण्णा पेशंट म्हणून वाईट आहेत, पण घड्याळाला पक्के.

आज डॉक्टरांकडून येऊन चष्मा काढला आणि घरभर हिंडले. पंख्यावरची धूळ दिसली. स्वयंपाकघराच्या फरशीला तडा आहे, तो तीन वर्षं जुना आहे, त्यावरून मला ऐकवलं. सासूबाईंच्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते, तिथे मी गेले नाही.

मग न बोलावता माझ्या टेबलाशी येऊन बसले. "ते घर दाखव तुझं."

मी माउस त्यांच्याच हातात दिला. दारातून आत गेले. भिंतीला धडकले, मागे आले, सावकाश जमलं. दिवाणखान्यात ऊन होतं. घागरीपाशी थांबले. "ही वर्ध्याची का?" मी कधी त्यांना सांगितलं होतं, मला आठवेना. मग जिना. एकेक पायरी, थांबत. वर गेले, खाली आले, परत वर.

मी मुद्दामच विचारलं, "काय दिसतंय का यात, अण्णा?"

"दिसतंय की," म्हणाले. "चवथी पायरी उंच हाय."

"नाही हो. हिंदुराव शेठ दोनदा चढले त्या जिन्याने. मॅडमनी दहा वेळा बघितलाय."

"मोज."

मोजली. बाकी सगळ्या सारख्या, चौथी आठ मिलिमीटरने जास्त. माझीच चूक, सप्टेंबरातली. घर अजून बांधायचंय, जिना सुधारता येईल. मॅडमना लगेच कळवलं.

दुपारभर मी जिना दुरुस्त करत बसले आणि फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. सहाला काम थांबवलं, लॅपटॉप बंद केला, गार होऊ दिला. मग अण्णांकडे पंचा मागितला. तो त्यांनी मायक्रोमीटरच्या डब्याखाली, चार घड्या तशाच ठेवून दिला होता. झाकताना चारी टोकं नीट खाली ओढून घेतली. ते बघत होते.